पावलं ऐकणारी ट्राम

खापरवाडीत ट्राम आली त्या दिवशी ज्योत्स्ना गांगुर्डे सगळ्यांसमोर रडली. नऊ वर्षं तिने महापालिकेत अर्ज दिले होते, साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळली होती, उन्हात धरणं धरून बसली होती. निळी-पांढरी, ड्रायव्हर नसलेली ती गाडी टेकडीच्या चढावर आवाज न करता आली, दारं उघडली, आणि आत शिरायचं सोडून ज्योत्स्ना तिथेच पदराने डोळे पुसत उभी राहिली.

नाशिकमध्ये फार पूर्वी ट्राम होती. घोडे ओढायचे तिला. पुढे ती बंद पडली आणि रूळही गेले. खापरवाडी त्या काळी गावाबाहेरची कौलांची भट्टी होती. आता, २०४१ मध्ये, तिथे सात हजार घरं होती आणि बस मात्र खाली नाल्यापर्यंतच येत होती. चढ पाहून रिक्षावाले मान हलवायचे. ज्योत्स्ना वस्तीची आशा सेविका. गरोदर बायकांची नोंद ठेवायची, गोळ्या पोहोचवायच्या, वेळ आली की त्यांना दवाखान्यात न्यायचं, हे तिचं काम. रेश्मा शेख नावाच्या अडलेल्या बाईला चार माणसांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तो उतार उतरवला होता, तेव्हा तिचा हात ज्योत्स्नाच्या हातात होता. नाला यायच्या आधीच तो हात गार पडला. ज्योत्स्नाचा पहिला अर्ज त्या आठवड्यातला.

म्हणून सहगती नावाच्या कंपनीने प्रस्ताव आणला तेव्हा तिने घरोघर फिरून सह्या घेतल्या. रुळांसाठी लोकांनी अंगणं दिली. ज्योत्स्नाच्या दारातली मोरी गेली आणि रूळ उंबऱ्यापासून दहा फुटांवर आले. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिकीट नव्हतं. दवाखाना अकरा मिनिटांवर आला होता.

ड्रायव्हर नसलेल्या गाडीला रुळावर कोण आहे ते कळायला हवं. कॅमेरे अरुंद गल्ल्यांत पुरे पडत नाहीत, म्हणून सहगतीने रुळांखाली काचेची केसाएवढी तार पुरली होती. इंटरनेटसाठी असते तशीच. तारेत एका टोकाकडून लेसरचे ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष असतातच, आणि त्यांच्यावर आपटून थोडा प्रकाश मागे येतो. जवळून कुणी चाललं की जमीन थरथरते, तार कणभर ताणली जाते, आणि परत येणारा प्रकाश किंचित बदलतो. कुठल्या फुटावर बदलला, हे यंत्र सेकंदाला हजारो वेळा मोजतं. मांजर चाललं तरी कळतं.

आणि माणूस चालला की कोण चाललं तेही कळतं. टाच किती जोरात टेकते, डावं आणि उजवं पाऊल यांच्यात किती वेळ जातो, भार कुठल्या बाजूला झुकतो, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. नाव सांगावं लागत नाही. रोज सव्वासातला कोपऱ्यावरून येणारी ती चाल आज दोन मिनिटं उशिरा आहे, एवढं यंत्राला समजलं की ट्राम थांबते.

गिरिजाबाई पवार अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. पहिल्यांदा ट्राम त्यांच्यासाठी थांबली तेव्हा त्या काठी टेकत टेकत आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या पोरांनी कधी एवढी वाट पाहिली नाही गं माझी."

डब्यात राखून ठेवलेल्या काही जागांच्या पाठीवर दिवे होते. ज्याला उभं राहणं झेपणार नाही तो चढला की एक दिवा हिरवा व्हायचा. गिरिजाबाईंसाठी तो व्हायचाच. एकदा तो नामदेव गवंड्यासाठी झाला. चाळिशीचा धट्टाकट्टा माणूस. "मी काय म्हातारा झालो का?" म्हणून तो हसत उभाच राहिला. सगळे हसले. पण ज्योत्स्नाने त्याला जबरदस्तीने तपासायला नेलं, तेव्हा पायाच्या शिरेत रक्ताची गाठ सापडली. डॉक्टर म्हणाले, चार दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं. त्यानंतर हिरवा दिवा लागला की लोक मुकाट्याने बसू लागले.

दिवाळीनंतर बायकांची कामं जायला लागली.

खाली कारखान्यांमध्ये गोळ्या-औषधांचं पॅकिंग, वायरींची जुळणी अशी कामं होती. कंत्राटदाराची शिफ्टची यादी दर रविवारी फोनवर यायची. आधी अर्चना दोंदेचं नाव गळलं. मग फरझानाचं. मग कावेरीचं. तिघींनाही कारण कुणी सांगितलं नाही. मुकादम म्हणायचा, यादी वरून येते. तिघींना दुसरा-तिसरा महिना होता आणि तिघींची नावं फक्त एका ठिकाणी लिहिलेली होती, ज्योत्स्नाच्या नोंदवहीत.

अर्चना एका सकाळी दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"आशाताई, खरं सांगा. यादी कुणाला दिलीत?"

"कसली यादी?"

"माझ्या सासूला अजून माहीत नाही. नवऱ्याला तुमच्यासमोर सांगितलं. तुम्ही, मी आणि तो. तो तर सांगायला जाणार नाही ना कारखान्यात?"

"अर्चना, नोंदवही माझ्या कपाटात कुलपात असते. चल, दाखवते."

"कुलूप काय करायचंय," अर्चना म्हणाली. "किल्ली तुमच्याकडेच आहे की."

त्या दिवसापासून ज्योत्स्नाला दारं बंद दिसू लागली. आतून भांड्यांचा आवाज यायचा, पण कडी वाजवली की तो थांबायचा. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीतच राहिली. नव्या बायका नाव घालायला येईनात. कुणाला चक्कर येत होती, कुणाचा रक्तदाब वाढला होता, तिला काही कळेनासं झालं. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

घरात एक मयूरी तेवढी नेहमीसारखी बोलायची. ज्योत्स्नाची एकुलती मुलगी. चोवीस वर्षांची. नवरा विनीत गावात वायरमन होता. दोघंही ज्योत्स्नाकडेच राहायची. मयूरी औषधांच्या पॅकिंगला जायची.

"लोकांचं काय मनावर घेतेस आई," ती म्हणायची. "उद्या पुन्हा तुझ्याच दारात येतील."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी दोघी एकत्रच निघाल्या. ट्राम भरलेली होती. मयूरीने आत पाऊल ठेवलं आणि पुढच्या जागेवरचा दिवा हिरवा झाला.

तिच्या मागून कुणी चढलं नव्हतं. पुढे कॉलेजची दोन मुलं होती, ती आधीपासून उभी होती. मयूरीने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. डब्यातलं बोलणं थांबलं.

"बस की गं," गिरिजाबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठीच लागलाय."

मयूरी बसली नाही. दांडा धरून उभी राहिली. अकरा मिनिटं तो दिवा तिच्यासमोर जळत होता आणि अर्चनाची सासू तिच्याकडे टक लावून बघत होती.

खाली उतरल्यावर ज्योत्स्नाने तिला कारखान्याच्या भिंतीशी ओढलं. "किती दिवस झाले?"

"मलाच परवा कळलं." मयूरीचा चेहरा उतरला होता. "विनीतलाही सांगितलं नाही अजून. रविवारी सांगणार होते, तुम्हा दोघांना एकदमच."

"मग हिला कुणी सांगितलं?"

दोघींनी वळून पाहिलं. ट्राम दारं मिटून चढाला लागली होती.

रविवारी यादी आली. तिच्यात मयूरीचं नाव नव्हतं.

डेपोतल्या इंजिनिअरचं नाव तांबट. वस्तीत रूळ टाकताना दोन वर्षं तो ज्योत्स्नाच्या घरी चहा प्यायला होता. तो काही वाईट माणूस नव्हता. तिने विचारलं आणि त्याने दार लोटून घेऊन सगळं सांगितलं. कदाचित आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"ताई, बाळाची चाहूल लागली की शरीर सांधे सैल करायला लागतं. बाईला स्वतःला कळायच्या आधीच. पावलांमधलं अंतर केसभर वाढतं, टाच जरा उशिरा उचलते. डॉक्टरलासुद्धा दिसायचं नाही. तारेला कळतं. रोज तीच पावलं, महिनोन्‌महिने ऐकल्यावर जरा फरक पडला की कळणारच."

"दिव्याचं समजलं मला. कारखान्याला का सांगता?"

"नाही सांगत." तो घाईने म्हणाला. "गरोदर आहे, गुडघा दुखतोय, दमा आहे, असं एक अक्षर कुठे जात नाही. कारखान्याच्या दारात हजेरी लावता तिथे चालीला नाव जुळतं, आणि त्या नावापुढे फक्त एक आकडा जातो. पुढचे सहा महिने हा माणूस कामावर किती नियमित येईल, शंभरपैकी. कंत्राटदार तेवढाच आकडा बघतो. कारण त्यालाही माहीत नसतं."

"आम्ही सही कुठे केली याला?"

"पहिल्या दिवशी. गाडीच्या दारात पाटी आहे. चढलं की मान्य."

"आणि नको म्हटलं तर?"

"फॉर्म आहे ना. मग तुमचा आकडा कोरा जातो."

"कोऱ्या आकड्याच्या बाईला कामावर घेतात?"

तांबट समोरच्या पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर खापरवाडीचा नकाशा होता आणि त्याच्यावर मुंगीएवढे ठिपके सरकत होते. रुळाच्या दोन्ही बाजूंना चाळीस फूट. घरांतही ठिपके होते.

ज्योत्स्ना उठली. दारापाशी गेल्यावर म्हणाली, "वस्तीला वाटतं मी यादी विकली. निदान एवढं तरी लिहून द्या, की माझी नोंदवही तुमच्याकडे आली नाही."

 त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि ती पुन्हा येऊन बसली.

"नोंदवही आली नाही, ताई. पण मयूरी रुळाला लागून राहते, दिवसरात्र ऐकू येते; बाकीच्यांची पहिल्या दोन महिन्यांत नुसत्या चालीवरून यंत्राला खात्री होत नाही. फार चुका होतात. तेव्हा ते आणखी खुणा शोधतं. स्वतःच शोधतं, आम्ही सांगितलेलं नाही. त्याला एक चाल सापडली. ती नव्या घरी जाते, दारात पंधरा-वीस मिनिटं थांबते, मग दर महिन्याला त्याच घरी जाते. ती चाल ज्या घरी जाते तिथल्या बाईचा आकडा पुढे पडतोच, हे त्याच्या लक्षात आलं."

ज्योत्स्नाने आपल्या पायांकडे पाहिलं. धुळीने भरलेल्या सपाता होत्या.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"अर्चनाला मी म्हटलं, कुलूप आहे म्हणून."

तिने हे लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण पुढच्या रविवारी समाजमंदिरात तिने सगळी वस्ती बोलावली आणि उभं राहून सांगितलं. तारेचं सांगितलं, आकड्याचं सांगितलं. शेवटी स्वतःच्या पायांचं सांगितलं. अर्चना पुढेच बसली होती. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

"ट्राम मी आणली," ज्योत्स्ना म्हणाली. "आता मीच म्हणते, बंद करा. तार काढा म्हणावं, नाहीतर आपण चढायचंच नाही. एकाही माणसाने."

 मग मागून नर्गिस उठली.

"माझा नवरा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो, आशाताई. ट्राम नव्हती तेव्हा महिन्यातून तीनदा जायचा. तुम्ही बंद म्हणाल तर बंद. पण मग त्याला पाठीवर घेऊन उतरायला कोण येणार, त्याचं नाव आत्ताच सांगा."

नामदेव गवंडी म्हणाला, "मी आज बसलोय तो त्या दिव्यामुळे."

 सभा तशीच उठली. ज्योत्स्नाने तार काढा म्हणून कंपनीला पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं, की तारेशिवाय बिनड्रायव्हरची गाडी चालवायला परवानगी नाही. तार काढली तर ट्राम जाईल. ज्योत्स्नाने कोर्टात अर्ज केला. तारीख पडली, मग पुढची पडली.

बायकांनी आपापले मार्ग शोधले. कुणीतरी सांगितलं, चपलेत खडा घाला, चाल बदलते. आठवडाभर पंचवीस-तीस बायका खडे घालून लंगडत चालल्या. नवव्या दिवशी यादीतून त्या सगळ्याच गळल्या. खडा घालणारी बाई काहीतरी लपवते, एवढं शिकायला यंत्राला आठ दिवस पुरले. ज्या गरोदर नव्हत्या त्यांचीही कामं गेली.

ज्योत्स्नाने बायकांच्या घरोघरी जाणं सोडलं. टेकडीच्या मागे दगडाची जुनी खाण होती, तिथे रूळ नव्हते. दर मंगळवारी दुपारी ती तिथे वजनकाटा आणि गोळ्या घेऊन बसायची. अर्चना पहिल्यांदा आली ती सातव्या महिन्यात. ज्योत्स्नाने तिचा रक्तदाब घेतला. दोघी कामापुरतंच बोलल्या. निघताना अर्चना म्हणाली, "पुढच्या मंगळवारी कावेरीला आणते. पाय सुजलेत तिचे." ज्योत्स्नाला तेवढं पुरलं.

मयूरी मात्र ट्राममध्ये चढली नाही. आठव्या महिन्यापर्यंत ती चढउतार पायीच करत होती, खाणीकडच्या वाटेने, विनीतचा हात धरून.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ती भाजी निवडत बसली होती. एकदम म्हणाली, "आई, साडी ओली झाली." ज्योत्स्नाने पाहिलं. ते पाणी नव्हतं, रक्त होतं.

"ऊठ. हळूच. ट्रामने जाऊ."

"ट्राम नको. रुग्णवाहिका बोलव."

"ती नाल्याशी थांबेल. तिथपर्यंत कशी जाशील?"

"नको म्हणते ना मी!" मयूरी ओरडली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "माझ्यावर उपकार नकोत तिचे."

"मयूरी, मी रेश्माचा हात धरला होता. तुझा नाही धरणार तसा."

ज्योत्स्नाने तिला काखेत धरून उठवलं आणि पायानेच दार लोटलं. ट्राम दारात उभी होती.

तिथे थांबा नव्हता. ज्योत्स्नाने फोन केला नव्हता, बटण दाबलं नव्हतं. गाडी पूर्ण रिकामी होती आणि दारं उघडी होती. आतले झाडून सगळे दिवे हिरवे झाले होते. ज्योत्स्ना क्षणभर उंबऱ्यात थांबली. मग तिने मुलीला उचलून आत ठेवलं.

गाडी मध्ये कुठेच थांबली नाही. सात मिनिटांत दवाखाना आला. दारात स्ट्रेचर घेऊन माणसं तयार होती. त्यांना निरोप कुणी दिला ते ज्योत्स्नाने विचारलं नाही. बाळ बाहेर यायच्या आधीच वार सुटली होती. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. दोघीही जगल्या. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं. आणखी दहा मिनिटं गेली असती तर एकही हाती लागली नसती."

त्यानंतर ज्योत्स्नाला ट्रामला शिव्या देता येईनात आणि हातही जोडता येईनात. कोर्टात वकील आवेशाने बोलायचा, ती मागे बसून ऐकायची. तिला रिकाम्या डब्यातले ते दिवे दिसायचे.

नातीचं नाव अन्विता ठेवलं. बाळसं धरलं, दात आले, रांगायला लागली. ती दहा महिन्यांची असताना तांबटचा फोन आला. त्याने नोकरी सोडली होती.

"ताई, तुम्हाला सांगितलं पाहिजे म्हणून केला. कंपनी नवीन काम घेतेय. मुलांचं. पहिल्या पावलापासून चाल नोंदवायची. पहिलं पाऊल जितकं नेमकं सापडेल तितका पुढचा अंदाज पक्का होतो म्हणतात. शाळेत किती टिकेल, कुठला आजार होईल, किती वर्षं कामाला येईल. घेणारे रांगेत उभे आहेत. रांगण्यावरून काही कळत नाही, पण एकदा उभं राहून चाललं की ती नोंद पुसता येत नाही. लांब जाता आलं तर जा."

ज्योत्स्नाने फोन ठेवला आणि मयूरीला शब्द न् शब्द सांगितला. त्या आठवड्यातच विनीतने सिन्नरला काम शोधलं.

"तिकडे नाही का ट्राम?" ज्योत्स्नाने विचारलं.

"अजून नाही," विनीत म्हणाला.

"तूही चल आई," मयूरी म्हणाली. "इथे काय राहिलंय तुझं?"

"मंगळवारी खाणीत अकरा जणी येतात," ज्योत्स्ना म्हणाली. "त्यांना कुणावर टाकू?"

मयूरीने पुन्हा विचारलं नाही. निघायचा दिवस येईपर्यंत घरात एकच नियम होता, पोरीला उभं राहू द्यायचं नाही. पाळीपाळीने तिला कडेवर घ्यायचं. ती हात-पाय झाडायची, खाली सरकायला बघायची, रडायची. शेजारणी म्हणायच्या, किती लाडावून ठेवलीय. ज्योत्स्नाने आजवर कितीतरी बाळांना बोट धरून उभं केलं होतं. आता आपल्याच नातीने धडपडून भिंत धरली की ती धावत जाऊन तिला खाली बसवायची, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायची.

निघायच्या सकाळी टेम्पो खाली नाल्याशी येऊन उभा राहिला. विनीत गाद्या घेऊन उतरला. मयूरी आतल्या खोलीत कपडे बांधत होती. ज्योत्स्ना पोरीला सतरंजीवर बसवून पेटीची कडी लावायला वाकली. कडी गंजली होती, बसत नव्हती. तिने दोन्ही हातांनी जोर लावला.

मान वर केली तेव्हा अन्विता पेटीला धरून उभी होती. ज्योत्स्ना पुढे व्हायच्या आत तिने हात सोडले. हात पसरून, तोंड उघडून ती आजीकडे निघाली. एक पाऊल. दुसरं. तोल गेला, सावरला. तिसरं. तिला स्वतःलाच इतकं नवल वाटलं की ती खुदकन हसली, आणि चौथं पाऊल टाकून आजीच्या गुडघ्यावर येऊन आदळली.

"पडली का गं?" आतून मयूरीने विचारलं.

ज्योत्स्नाने पोरीच्या पायांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "चालली."

 मयूरी दारात आली. बाहेर चढावरून ट्राम येत होती. घरासमोर आल्यावर तिचा वेग कमी झाला.

ज्योत्स्नाने पोरीला झटकन उचलून छातीशी धरलं. तिचे पाय हवेत अजून चालतच होते.